दिवा कमी करून केसाळ शेवाळ का जात नाही

तुमची 200 लिटरची कोरलची (प्रवाळाची) समुद्री मत्स्यटाकी 7 महिन्यांची आहे. दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ वाढलं म्हणून तुम्ही दिवा 9 तासांवरून 4 तासांवर आणलात आणि फॉस्फेट शोषणारं मीडिया (फिल्टरमध्ये घालायचं द्रव्य) दुप्पट टाकलंत. आता टेस्ट किट नायट्रेट आणि फॉस्फेट ही दोन्ही पोषकं शून्य दाखवतंय, शेवाळ मात्र हटत नाही आणि कोरल फिकट पडत चाललंय. पहिली विनंती: ते मीडिया आजच निम्मं काढा. शेवाळाआधी मला तुमच्या कोरलची काळजी वाटते.

प्रकाश कमी पडला की कोरल सहसा तपकिरी होतं, कारण त्याच्या पेशींत राहणारं झूझँथेली हे सूक्ष्म शैवाल अपुऱ्या प्रकाशाची भरपाई करायला स्वतःचं रंगद्रव्य वाढवतं. शून्य नायट्रेट-फॉस्फेटच्या पाण्यात कोरल फिकट पडत असेल, तर ती बहुधा उपासमार असते. तुमचं कोरल उपाशी आहे, आणि त्यात त्याचा दिवाही निम्म्याहून कमी झालाय.

मग शून्य असताना शेवाळ कशावर जगतंय? किट फक्त पाण्यात शिल्लक राहिलेलं मोजतं. माशांचं खाणं कुजून जे सुटतं ते केसाळ शेवाळ जागच्या जागी उचलतं, म्हणून पाण्यात काही दिसत नाही. शिवाय दगड आणि वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याला फॉस्फेट चिकटतं आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू परत सुटतं. शेवाळ चिकटलेलंच त्या दगडाला, म्हणजे त्याला घरपोच मिळतंय.

म्हणून आधी हाताने काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला तरी याच्याइतकं कशानेच यश आलेलं नाही. सुटा होणारा दगड टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घ्या, शेवाळाचा झुपका बुडाशी दोन बोटांच्या चिमटीत धरून उपटा आणि उरलेलं कडक टूथब्रशने घासा. माझ्या टाकीतल्या एका दगडाने बादलीतलं पाणी उकळलेल्या पालकाच्या पाण्यासारखं हिरवं केलं होतं, आणि खाली कोरलाइन शैवालाचा (दगडावर जमणाऱ्या कडक, चांगल्या शैवालाचा) जांभळट थर शाबूत निघाला. तो दिसला की दगड वाचलाय हे कळतं. बादलीतलं पाणी टाकीत परत ओतू नका. जे दगड हलत नाहीत त्यांच्यासाठी पंप बंद करा आणि एका हाताने उपटत दुसऱ्या हातातल्या सायफनच्या नळीने लगेच ओढून घ्या. तुटलेला तुकडा वाहत गेला तर दुसऱ्या दगडावर रुजतो. आठवड्यातून एकदा, किमान सहा आठवडे. एका वेळी थोडेच दगड घ्या.

आता दिवा. तो परत 8 तासांवर न्या, पण एका दिवसात नाही. चार तासांची सवय झालेल्या कोरलवर एकदम पूर्ण प्रकाश पडला तर ते ब्लीच होऊ शकतं, म्हणजे झूझँथेली गमावून पांढरं पडू शकतं. दर तीन दिवसांनी अर्धा तास वाढवा. दिव्याचे पांढऱ्या आणि लाल रंगाचे चॅनल खाली आणा, निळा राहू द्या. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच विरतो, त्यामुळे कोरलला त्याची उणीव भासत नाही. पार मीटर (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणारं यंत्र) उसना मिळाला तर जरूर मोजा: सॉफ्ट कोरलला 50 ते 150 पुरतं, अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएसला (लहान पॉलिपच्या कठीण कोरलला) 200 ते 350. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा लावा.

नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम यांच्या आसपास असू द्या. शून्य हे ध्येय नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतोय. पोषकं संपवून मी एकदा डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) हे उपद्रवी सूक्ष्मजीव ओढवून घेतले होते. वाळूवर बुडबुडे अडकलेला तपकिरी शेंबडासारखा थर, सकाळी कमी, संध्याकाळी भरपूर. त्यापुढे केसाळ शेवाळ परवडलं. तसं काही दिसलं तर थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तंतू जुळून आले तर डायनो असण्याची दाट शक्यता.

टाकीत घालायच्या आरओडीआयच्या (आरओ आणि डीआय गाळणीतून शुद्ध केलेल्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, तपासलात का? शून्य हवा. डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे गाळणीतले मणी) संपत आलं की सिलिकेट लवकर निसटतं आणि काचेवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो. गोठवलेलं खाणं वितळवून, गाळून, फक्त घन भाग द्या.

शेवाळाची पानं पिसासारखी दिसत असतील तर ते ब्रायॉप्सिस हे वेगळं, चिवट शेवाळ असू शकतं. त्याला बहुतेक गोगलगायी शिवतही नाहीत, त्याचा उपचार वेगळा. साधं केसाळ असेल तर आधी हाताने आखूड करा आणि मगच टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी सोडा, कारण लांब तंतू त्या टाळतात. तुमच्या टाकीला सहा-सात पुरेत. दगड स्वच्छ झाले की त्या उपाशी राहतात, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) छोटी पट्टी रबरबँडने दगडाला बांधा आणि उरलेली दुसऱ्या दिवशी काढून टाका.