बोलोन्यात झुणका होतो का?

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापुरात राहते. सप्टेंबरात एम.एस्सी.साठी इटलीतल्या बोलोन्याला निघालेय. भाषा येत नाही, खाण्याच्या काळजीनं आईची झोप उडालीय. कशी रुळू?

उत्तर : अगं, आईला आधी सांग, तिथं ‘फारिना दि चेची’ या नावानं काबुली हरभऱ्याचं पीठ मिळतं. पहिल्याच रविवारी मी त्याचा झुणका केला, वर आईनं बांधून दिलेली शेंगाचटणी. घास तोंडात गेला आणि डोळे भरून आले. चटणी भरपूर ने. तूप-पेढे मात्र नको, दुधाचे पदार्थ तिथं नेऊ देत नाहीत.

पोचल्यावर 8 कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात द्यायचा. हे अजिबात टाळू नकोस.

दुकानात शिरताना ‘बुओनजोर्नो’ म्हणायचंच, मग काय हवं ते. सुपरमार्केटात भाजी उघड्या हातानं चाचपत नाहीत. मी टोमॅटो दाबून बघत होते, तर शेजारच्या आजींनी न बोलता प्लॅस्टिकचा हातमोजा माझ्या हातात ठेवला. मंडईची सवय गं, हात आपोआप जातो. रात्रीचं जेवण आठच्या आसपास, म्हणून संध्याकाळसाठी जवळ चिवडा असू दे.

परीक्षा बहुतेक तोंडी, गुण 30 पैकी, 18 ला पास. उत्तरं मोठ्यानं बोलून बघायची सवय आत्तापासूनच लाव. आणि इटालियन आजच सुरू कर, रोज अर्धा तास. वर्ग इंग्रजीत असले, तरी घरमालकीण इटालियनच बोलेल.