‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतोय, पण पासवर्ड तर बरोबर आहे

प्रश्न : सुभाषनगरात आमचं चपला बनवायचं घरचं काम आहे. परदेशातलं एक दुकान आमच्याकडून कापशी चपला (कोल्हापुरी चपलांचा एक प्रकार) घेतं. त्यांची ऑर्डर ईमेलवर येते, सोबत पायाच्या मापाच्या कागदाचा फोटो असतो. चांगला फोन मुलगी कॉलेजला नेते. माझ्याकडे सॅमसंगचा जुना फोन आहे, अँड्रॉइड ५.१. कामावर तेलाचा हात लागतो, तिथं हाच बरा. त्यातल्या ईमेलमध्ये जीमेलचा पत्ता घातला की ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा’ येतं. तोच पासवर्ड मुलीच्या फोनवर चालतो. एका दुकानात दाखवला, तर ‘हा फोन आता ईमेलला चालत नाही’ म्हणाले आणि २०० रुपये घेऊन नवीनच आयडी काढून दिला. तोही या फोनवर चालेना.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी त्या नव्या आयडीचं बोलते, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तुमचा जुना पत्ता सोडू नका. गिऱ्हाईक तुम्हाला त्या पत्त्यावर ओळखतं. शाहूपुरीत मी पंधरा वर्षं मोबाइल दुरुस्तीचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी माणसांचे तीन-तीन, चार-चार आयडी निघतात आणि पासवर्ड एकाचाही ठाऊक नसतो, कारण आयडी दुकानात काढला आणि पासवर्ड तिथंच राहिला. असा आयडी बँकेला किंवा आधारला कधीही जोडू नका.

आता मूळ दुखणं. तुमचा पासवर्ड बरोबरच आहे आणि फोनही निकामी झालेला नाही. पूर्वी नुसतं नाव आणि पासवर्ड दिला की कुठलंही ईमेल ॲप जीमेलमध्ये शिरायचं. साध्या खात्यांसाठी गूगलनं ३० मे २०२२ पासून ते बंद करायला घेतलं. नवी ॲप आता गूगलचं पान उघडून तिथं साइन-इन करतात. तुमच्या फोनमधल्या जुन्या ईमेल ॲपला ते जमत नाही. ते पासवर्ड तसाच पुढं पाठवतं, तिकडून नकार येतो आणि आपल्याला दिसतं ‘चुकीचा’. नवा आयडीही तेवढ्याचसाठी चालला नाही.

यावर उपाय ‘ॲप पासवर्ड’, म्हणजे अशा जुन्या ॲपसाठी गूगल काढून देतं तो वेगळा पासवर्ड. संध्याकाळी मुलगी घरी आली की तिच्या फोनवर तुमचं गूगल खातं उघडा. ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री करून घेणं) चालू करा, त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. तिथं मोबाइल नंबर तुमच्याजवळ कायम राहणाराच द्या. मग खात्याच्या पानावर वरच्या शोधात ‘ॲप पासवर्ड्स’ असं इंग्रजीत टाका. नाव विचारेल, ‘जुना फोन’ लिहा. १६ अक्षरं दिसतील, सगळी लहान इंग्रजी अक्षरं, आकडा एकही नाही. ती एकदाच दिसतात, त्यामुळे लगेच वहीत उतरवून घ्या. मधल्या मोकळ्या जागा टाइप करायच्या नाहीत.

जुन्या फोनला हात लावण्याआधी त्यातली तारीख बघा. कपाटात पडून बॅटरी पूर्ण उतरली की कितीतरी फोन मागच्या कुठल्यातरी सालात जातात. मग सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र त्या तारखेला जुळत नाही आणि फोन नुसता एरर देत बसतो. यापायी लोकांनी फोन भंगारात घातलेले मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

तारीख ठीक असली की ईमेल ॲपमध्ये पत्ता घाला, पासवर्डच्या जागी ती १६ अक्षरं घाला आणि ‘मॅन्युअल सेटअप’ निवडा. पुढं मेल आणायच्या दोन पद्धती विचारेल, त्यात ‘पॉप’ नको, ‘आयमॅप’च घ्या. आयमॅपवर मेल जीमेलकडंच राहतो, म्हणजे मुलीनं रात्री दिलेलं उत्तर सकाळी तुम्हालाही दिसेल. येणाऱ्या मेलचा सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल. जाणाऱ्याचा एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५, तिथंही एसएसएल. युजरनेममध्ये ‘ॲट जीमेल डॉट कॉम’सकट पूर्ण पत्ता लागतो. सर्व्हरची नावं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. मुलीच्या फोनवरून स्वतःलाच एक मेल टाकून बघा.

एक ध्यानात ठेवा, खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात की हा ॲप पासवर्ड रद्द होतो, नवा काढावा लागतो. फोन हरवला तर त्याच पानावर जाऊन तेवढाच काढून टाकता येतो, मुख्य पासवर्डला धक्का लागत नाही. आणि या फोनला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तेव्हा त्यावर बँकेचं किंवा यूपीआयचं काहीही नको. अनोळखी मेलची फाइलही उघडू नका.

राहता राहिला मापाचा फोटो. जुनं ॲप बऱ्याचदा मेलचा थोडाच भाग उतरवतं, फोटो दिसला नाही तर खालच्या ‘डाउनलोड’वर बोट ठेवा. पण फोनच्या पडद्यावर पाऊल लहान-मोठं करून बघता येतं, त्यावरून खरी लांबी कळत नाही. त्या दुकानाला कळवा, की त्यांनी पाऊल आखलेल्या कागदावर सेंटिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढावा आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मेलमध्ये आकड्यात लिहावं.