पित्ताशयाची जाड भिंत: सूज की कर्करोग?

मिरजेत रेसिडेन्सीला लागलायस, म्हणजे झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस आज ना उद्या चकवणारच. नाव मोठं, पण आहे पित्ताशयाची जुनाट सूजच. पित्त भिंतीत झिरपतं, तिथे गाठी धरतात, भिंत यकृताला चिकटते आणि चित्र हुबेहूब कर्करोगाचं दिसतं.

सोनोग्राफीआधी पेशंट सहा तास उपाशी आहे ना, हे स्वतः विचार. सांगलीहून येताना चहा-पोहे झाले असतील तर आकसलेल्या पित्ताशयाची भिंत उगाच जाड दिसते. उपाशीपोटी ३ मिमीपर्यंत ठीक. डेंगीत आणि पोटात पाणी झाल्यावरही ती सुजते.

सीटीवर सुरुवातीला एवढंच बघ:

- जाडी सगळीकडे आहे की एकाच जागी? सगळीकडे असेल तर सुजेकडे कल.
- भिंतीत काळपट गाठी आहेत का? असतील तर तेही सुजेकडेच.
- आतल्या अस्तराची रेघ सलग आहे का? तुटली असेल तर सावध. ही रेघ पोर्टल फेजमध्ये (कॉन्ट्रास्टचं औषध यकृताच्या पोर्टल शिरेत पोचल्यावरची चित्रं), झूम करून, सगळ्या छेदांवर शोध. घाईत नेमकी हीच निसटते.

नवखे हमखास चुकतात ते सीए १९-९ या रक्तातल्या कर्करोग-खुणेवर विसंबून. अडकलेल्या पित्तानेही तो वाढतो. पेट स्कॅनही (पेशी साखर किती ओढतात ते दाखवणारा) सुजेत उजळतो. खडे सापडले म्हणून कर्करोग नाही असं ठरत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. सुईचा नमुना निगेटिव्ह आला तरी तेच.

शंका उरली तर रिपोर्टात सरळ लिही आणि सर्जनला फोन कर. दुर्बिणीने काढताना पित्ताशय फुटलं आणि आत कर्करोग निघाला, तर पेशी पोटभर पसरतात. फ्रोझन सेक्शनची (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासण्याची) सोय आधीच करून ठेवायला सांग.