ॲप काढलं, खातं राहिलं

प्रश्न : जेवण मागवायच्या एका ॲपमधून ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचा मेल आला. मी लगेच ॲप फोनमधून काढून टाकलं. पण तोच पासवर्ड जीमेललाही आहे. आता काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ॲप काढलं तरी कंपनीच्या सर्व्हरवर तुमचं खातं तसंच असतं. आणि खरी भीती त्या ‘तोच पासवर्ड’ची आहे. २०१७ साली झोमॅटोच्या सुमारे १.७ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली, त्याचं मूळ भलतीकडेच होतं. २०१५ मध्ये ०००वेबहोस्ट या वेबसाइट ठेवायला जागा देणाऱ्या (होस्टिंग) सेवेतून पासवर्ड फुटले, त्यांत झोमॅटोच्या एका डेव्हलपरचाही होता. तोच पासवर्ड गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटवर होता आणि तिथे टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू नव्हतं. चोर आधी कोडपर्यंत गेला, मग कोडमधल्या त्रुटीतून डेटाबेसपर्यंत.

म्हणून आधी जीमेल. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते. पासवर्ड बदला, मग गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात जाऊन अनोळखी फोन-लॅपटॉप साइन आउट करा. रिकव्हरीचा नंबर तुमचाच आहे ना, तेही बघा. यानंतरचं काम बहुतेकांकडून राहून जातं : जीमेल कॉम्प्युटरवर उघडा आणि सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ व ‘फिल्टर’ तपासा. तिथे परका पत्ता घातलेला असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमच्या मेलच्या प्रती चोराकडे जात राहतात.

टू-स्टेप आजच सुरू करा, शक्यतो फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर. तुमच्या नावाचं सिम दुसऱ्याने काढून घेतलं तर एसएमएसने येणारा कोड त्याच्याकडे जातो. गूगल आठ अंकी १० बॅकअप कोड देतं. ते कागदावर लिहून कपाटात ठेवा, फोन हरवला की तेच उपयोगी पडतात.

मग तो पासवर्ड जिथे जिथे आहे, तिथे प्रत्येक ठिकाणी पूर्ण वेगळा ठेवा. शेवटी नुसता ‘१’ जोडून भागत नाही, चोरांची सॉफ्टवेअर असे बदल आधी करून बघतात. ते ॲप पुन्हा वापरायचं नसेल, तर लॉगिन करून खातंच डिलीट करा.

प्रश्न : त्यात माझा कार्ड नंबरही गेला असेल का?

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या व्यापाऱ्यांना पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही. त्यांच्याकडे टोकन (कार्ड नंबरऐवजी वापरायचा पर्यायी कोड) आणि शेवटचे चार अंक असतात. मात्र नाव, पत्ता, मोबाइल, जुन्या ऑर्डरी बाहेर गेल्या असतील, तर ‘रविवारच्या ऑर्डरचे पैसे परत करायचेत’ असा फोन येऊ शकतो. तपशील खरा असल्याने माणूस फसतो. पैसे परत मिळायला ओटीपी किंवा यूपीआय पिन लागत नाही. मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. लवकर कळवलं, तर रक्कम पुढे काढली जाण्याआधी गोठवता येते.