स्लॅबची सळई उघडी पडली आहे. वरून प्लास्टर मारून भागेल का?

तुमचं घर समुद्रापासून जवळ, स्लॅब 28 वर्षांचा. स्वयंपाकघरात पावसाळ्यात ओल येते, पोपडे पडतात आणि आता एका जागी सळई दिसायला लागली आहे. एक मिस्त्री 15 हजारांत प्लास्टर करून रंग मारून देतो म्हणतो, दुसरा फोडून नीट करायचे सव्वा लाख सांगतो. सध्या हात आखडता आहे, तेव्हा दोन-तीन वर्षं प्लास्टरवर काढता येतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

नाही येणार. पैसे नसतील तर काम पुढे ढकला, पण ते प्लास्टर मारू नका. मी 22 वर्षं इमारत दुरुस्तीच्या कामांवर सुपरवायझर होतो आणि हीच चूक आमच्या गावच्या घरातही झाली.

वडिलांनी स्वयंपाकघराच्या स्लॅबला तीनदा वरवर प्लास्टर करून घेतलं होतं. दर वेळी दोन पावसाळे सगळं छान दिसायचं. तिसऱ्या वेळेनंतर श्रावणात एका सकाळी परातीएवढा तुकडा खाली आला. आई तिथेच विळीवर नारळ खवत बसली होती, दूध उतू जातंय म्हणून उठली होती, तेवढंच. मी शिडी लावून वर चढलो, उघड्या सळईला स्क्रू-ड्रायव्हर लावला, तर खाज्याचे पापुद्रे सुटावेत तसा गंज सुटत गेला. 8 मिलिमीटरची सळई, आत उरली होती छत्रीच्या काडीएवढी. तिन्ही प्लास्टरांच्या आड ती निवांत सडत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

असं का होतं ते सांगतो. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच 12-13 असतो, म्हणून आतलं लोखंड गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपला की हे संरक्षण कमी होतं. आपल्याकडे खाऱ्या हवेतलं मीठ त्यात भर घालतं, आणि पूर्वी बऱ्याच घरांना खाडीची वाळू न धुताच वापरली गेली आहे. त्यात सळईखालचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, तोही तुटपुंजा. आयएस 456 हे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला 45 मिलिमीटर कव्हर सांगतं. जुन्या स्लॅबमध्ये सळईखाली खडीचा खडा ठेवून काम उरकलेलं मी कितीदा पाहिलंय. एकदा गंज धरला की तो मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. पोपडे तुम्हाला दिसतात ते या रेट्यामुळे. वरून मारलेल्या प्लास्टरला तो रेटा थोपवता येत नाही, ते फक्त तुमच्या डोळ्यांआड करतं.

म्हणून मी कामचलाऊ कामाच्या विरोधात नाही, झाकणाऱ्या कामाच्या विरोधात आहे. गच्चीवर ताडपत्री घाला, भेगांत डांबर भरा, पन्हळी साफ करा. यंदाचा पावसाळा त्यावर खुशाल काढा. कोकणात स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात, तिला लोक जुगाड म्हणतात. मला ती बऱ्याच वॉटरप्रूफिंगपेक्षा भरवशाची वाटते (ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी मात्र आधी घ्या). यातलं काहीही दुखणं लपवत नाही, नवीन पाणी तेवढं अडवतं. खालची बाजू उघडी राहू दे. दर महिन्याला खालून फोटो काढून ठेवा, भेग वाढतेय का ते कळेल.

नीट काम म्हणजे काय, तेही समजून घ्या, कारण सव्वा लाख घेऊनही प्लास्टरच मारणारे असतात. आधी वरचं पाणी बंद, मग खालचं काम. गच्चीला पाण्याच्या भोकाकडे दर 10 फुटांना निदान सव्वा इंच उतार हवा आणि कठड्याच्या बुडाला वाटा, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार, हवा; गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. खाली हातोडीने ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथे फोडायचं. सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडायचं, आणि स्वच्छ सळई लागल्यावरही आणखी चार-सहा इंच पुढे जायचं. मीठ मुरलेल्या काँक्रीटमध्ये छोटं ठिगळ लावलं की त्याच्या कडेलाच नवा गंज धरतो. मग तारेच्या ब्रशने सळई चकचकीत करून गंजरोधक लावणं, पाव भागाहून जास्त झिजली असेल तर शेजारी नवी सळई जोडणं, बाँडिंग कोट (जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटवणारा थर), पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल), आणि ते पुरवणाऱ्या कंपनीने सांगितलेले दिवस ओलं ठेवणं. शेवटचं काम मिस्त्री टाळतात. संध्याकाळी स्वतः हात लावून बघा.

गच्चीचं काम झाल्यावर पाणी तुंबवून चाचणी घेतात. तुमच्या स्लॅबवर ती इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका: दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो वजन.

तुम्ही म्हणता पैसे आत्ता नाहीत. मग दिवाळीपर्यंत थांबा, हवा कोरडी झाली की काम काढा, आणि आत्ता फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून स्लॅब दाखवा. त्याची फी पूर्ण कामाच्या मानाने फार थोडी असते. कदाचित तो एवढंच सांगेल की एका खोलीपुरतंच काम आहे आणि सव्वा लाखही लागणार नाहीत.

तोवर सैल पोपडे लांब काठीने पाडून टाका, खाली कुणी नसताना. स्लॅब खाली झुकलेला दिसत असेल तर आजच लोखंडी टेकू लावून घ्या, ते भाड्याने मिळतात. आणि त्या सळईखालचा ओटा सध्या वापरू नका, शेगडी पडवीत हलवा.