अर्धवट राहिलेला ‘द विचर ३’ शेवटी पूर्ण कसा केला?

तुम्ही विचारले आहे की, ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा गेम काही वर्षांपासून घरात पडून आहे, वेलेन प्रदेशातल्या ब्लडी बॅरनची गोष्ट संपवून नोव्हिग्राड शहरापर्यंत पोहोचता आणि तिथे तो सुटतो, नंतर काही महिन्यांनी हात लावला की मागचे काही आठवत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावासा वाटतो, अशा वेळी जुना सेव्ह उघडावा की नव्याने खेळावे, आणि नोकरी सांभाळून एवढा मोठा गेम कोणी खरोखर शेवटाला नेला आहे का. मी नेला आहे, गेल्या पावसाळ्यात, डिचोलीच्या घरी, शिफ्टची नोकरी सांभाळून. माझ्या मते जुनाच सेव्ह उघडावा आणि काय करायचे याची यादी करण्याऐवजी काय करायचे नाही हे आधी ठरवून टाकावे.

पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा मोह कशामुळे होतो, ते पाहिले पाहिजे. सुरुवातीचा व्हाइट ऑर्चर्डचा भाग लहान, आटोपशीर आणि फार चांगला रचलेला आहे. एक गाव, एक खानावळ, थोडी शेते आणि ओसाड वस्तीतली ती विहीर, जिच्यापाशी दिवसाढवळ्या बाईचे भूत दिसते. भर दुपारी विहिरीवर जाऊ नये असे लहानपणी आमच्याकडे बजावलेले असल्यामुळे, पोलंडमधल्या स्टुडिओने स्लाव्ह लोककथांतून उचललेले ते दुपारचे भूत मला परके वाटलेच नाही. तिथे सगळे हाताच्या अंतरावर असते, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिकडेच वळतो. पण त्याच त्या विहिरीवर परत परत गेल्याने गेम पुढे सरकत नाही. उलट नोव्हिग्राडला पोहोचेपर्यंत उत्साह पुन्हा संपतो आणि तुम्ही नेमके त्याच जागी थांबता.

शिवाय मागचे आठवत नाही ही अडचण या गेमने बऱ्यापैकी सोडवलेली आहे. सेव्ह उघडताना जे चित्रमय निवेदन चालते, त्यात डँडेलियन हा कवी तुम्ही कथेत कुठे आहात ते सांगतो. आपण सवयीने बटण दाबून ते ओलांडतो, ते ओलांडू नका. क्वेस्टची, म्हणजे कथेतल्या कामांची, नोंदवहीसुद्धा त्याच्याच शब्दांत लिहिलेली आहे आणि पात्रांच्या माहितीची पाने कथेबरोबर बदलत जातात. चहा घेऊन अर्धा तास ही पाने वाचली की कोण कोणाचा, कोणाला कशासाठी शोधायचे, हे पुरेसे लक्षात येते. विसर खरा पडतो तो बोटांना. त्यासाठी कठीणतेची पातळी खाली आणून ठेवावी, तो पर्याय खेळताना केव्हाही बदलता येतो, आणि वेलेनच्या नदीकाठी दोन-चार ड्राउनरांशी, म्हणजे पाणराक्षसांशी, झटापट करावी. माणसांसाठी पोलादी तलवार, राक्षसांसाठी चांदीची, मार बसण्याआधी क्वेनची जादुई ढाल, आणि भूतप्रेत असेल तर जमिनीवर यर्डेनचे जादुई वर्तुळ, कारण त्या वर्तुळात आल्याशिवाय ते नीट हाती लागत नाही. एवढे बोटांना आठवले की बाकीचे आपोआप येते. पातळी खाली आणण्यात कमीपणा मानणाऱ्यांचे मला नवल वाटते. या गेमची खरी गंमत तलवारीत नाही, संभाषणात आहे.

आता नोव्हिग्राडविषयी, कारण तुमच्यासारखे पुष्कळ जण तिथेच थांबतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. कथेची रचनाच अशी आहे की वेलेनमध्ये एकाच माणसाभोवती फिरणारी घट्ट गोष्ट असते आणि शहरात शिरल्यावर ती सैल पडते. नायक गेराल्ट या विचरची, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्याची, मानसकन्या सिरी हिला शोधायचे तर डँडेलियनला शोधा, डँडेलियनला शोधायचे तर त्याच्या ओळखीच्या बायकांना एकेक करून भेटा, तिथून गुंडांच्या म्होरक्यांकडे जा, आणि हे सगळे होत असताना रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन उभा. माझा अनुभव असा की या भागात मुख्य कथेखेरीज दुसरे काही हाती घेऊ नये. नेटाने पुढे गेलात तर याच भागात दोन फार सुरेख प्रसंग भेटतात. एक, प्रिसिला ही गायिका खानावळीत गाते तो. त्या वेळी सगळे पेले थांबतात. दुसरा, गेराल्टला स्वतःला नाटकात उभे राहावे लागते तो. गोव्यात जत्रेच्या नाटकात एकदा तरी भूमिका केलेला काका प्रत्येक घरात असतो, त्यामुळे समोर प्रेक्षक बसलेले, आपले वाक्य आठवत नाही आणि चुकीचे बोललो तर लोक नाके मुरडणार, ही गेराल्टची अवस्था आमच्या घरात सगळ्यांना नेमकी कळली.

काय सोडावे, हे आता सांगतो. नकाशावरची प्रश्नचिन्हे सोडावीत. स्केलिगे बेटांच्या समुद्रात तर त्यांचा नुसता सडा आहे. होडी घेऊन जायचे, सायरन नावाच्या पंखवाल्या राक्षसिणी हाकलायच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांखालचा चोरट्यांचा माल काढायचा, आणि त्यातून निघते काय, तर विकायला जड पडणाऱ्या तलवारी. आधीच गेराल्टच्या झोळीला वजनाची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की तो धावत नाही. १४ डिसेंबर २०२२ रोजी नव्या कन्सोलांसाठी आणि संगणकासाठी जे मोठे मोफत अद्ययावतीकरण आले, त्यात प्रश्नचिन्हे आणि होड्या लपवणारा नकाशाचा एक पर्याय दिला गेला. बनवणाऱ्यांनीच तो पर्याय द्यावा यात सगळे आले. तो चालू ठेवा. दुय्यम कामांतही, तुमच्या पातळीच्या बरीच खाली राहिलेली कामे यादीत करड्या रंगाची होतात आणि त्यांतून अनुभवाचे गुण नगण्य मिळतात, तेव्हा एखाद्याची गोष्ट खरोखर खुणावत नसेल तर त्यांना हात लावू नये. ग्वेंटच्या पत्त्यांचे मात्र एकदाच काय ते ठरवून टाकावे. तो डाव आवडला तर प्रत्येक दुकानदाराशी खेळा, नाही तर मुळीच नको. अर्धवट पत्ते जमवणाऱ्यांना ना डाव जिंकता येतो ना कथा पुढे नेता येते. चिलखताच्या बाबतीत एखाद्या विचर शाळेचा एकच संच निवडून त्याचेच आराखडे शोधावेत, चारही शाळांच्या मागे लागू नये.

आणि काय सोडू नये? विचरची कंत्राटे, म्हणजे गावच्या फळ्यावर लावलेली राक्षस मारण्याची कामे, सगळी नव्हे पण स्केलिगेमधल्या फेअरलंड गावाचे तेवढे नक्की करा. तिथल्या रानात लेशेन आहे, हरणाच्या कवटीचे डोके असलेला रानाचा जुना धनी. म्हातारी मंडळी म्हणतात, तो आमचा रक्षणकर्ता, त्याचा मान आम्ही राखला नाही म्हणून तो कोपला आहे. तरुण म्हणतात, माणसे मरत आहेत, मारून टाका. गेराल्टने कोणाचे ऐकायचे हे तुम्ही ठरवायचे. ज्यांच्या गावच्या सीमेवर राखणदार आहे, ज्यांच्याकडे अजूनही त्याला रोट आणि विडी ठेवली जाते आणि नव्या कामाआधी गाऱ्हाणे घातले जाते, त्यांना हा वाद कुठल्या बाजूने ऐकायचा ते शिकवावे लागत नाही. माझा धाकटा भाऊ तरुणांच्या बाजूचा, मी म्हाताऱ्यांच्या. वेगवेगळे सेव्ह ठेवून आम्ही दोन्ही शेवट पाहिले. पुढे काय होते ते सांगून तुमची मजा घालवत नाही. दोन्हीकडे किंमत मोजावी लागते एवढे खरे.

बॅरनची गोष्ट तुम्ही केलेली आहे म्हणून तिच्याविषयी मोकळेपणाने लिहितो. जन्माला येण्याआधीच गेलेले, नाव न ठेवता, विधी न करता पुरलेले मूल बॉचलिंग होऊन उठते आणि गेराल्टपुढे दोन वाटा असतात. एक त्याला मारण्याची. दुसरी बापाने त्याला उराशी धरून घरापर्यंत चालत आणण्याची, नाव देऊन आपल्या कुळात घेण्याची आणि उंबरठ्याखाली पुरण्याची, म्हणजे ते त्या घराचे रक्षण करील. दुसऱ्या वाटेवर गेराल्टला ते अंगावर उठू नये म्हणून अधूनमधून अॅक्सी या मनावर चालणाऱ्या जादूने शांत करावे लागते, आणि तो दारुडा, बायकोवर हात उचललेला धिप्पाड माणूस आपल्याच पापाला छातीशी धरून चालत असतो. मी हे खेळत होतो तेव्हा आई मागे बसून सुपात तांदूळ निवडत होती. राक्षसांचे गेम तिला मुळीच आवडत नाहीत. सगळे पाहून झाल्यावर तिने एवढेच विचारले, “नाव काय ठेवलं रे त्यानं पोरीचं?” देआ, मी म्हटले. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तेव्हा बॅरनच्या बायकोचे पुढे काय झाले, याची चौकशी तिने माझ्या आधी सुरू केली. त्यानंतर मला गेम पूर्ण करण्यासाठी वेगळा निश्चय करावा लागला नाही, कारण घरात पुढचा भाग विचारणारे कोणीतरी होते. तुमच्या घरी असे कोणी असेल तर त्याला शेजारी बसवा. नुसती गोष्ट सांगत गेलात तरी पुष्कळ आहे.

वेळेचे म्हणाल तर बैठक किती तासांची, हे मी ठरवत नसे. एका बैठकीत क्वेस्टचा एक टप्पा पुरा करायचा, एवढाच नेम ठेवला होता. रात्रपाळीच्या आठवड्यात गेम उघडायचाच नाही, चतुर्थीच्या दिवसांत तर प्रश्नच नाही, कारण तेव्हा खोलीत पाहुणे आणि टीव्हीपुढे त्यांची मुले. पण मध्ये खंड पडणार असेल तेव्हा मी मुद्दाम मोठ्या निर्णयाच्या आधी न थांबता तो उरकून मग थांबत असे, म्हणजे परत आल्यावर डोके खाजवत बसावे लागत नाही. आमच्याकडे पावसात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. गेम स्वतःहून सेव्ह करतो, पण लांबचा प्रवास आणि खरेदी-विक्री चालू असताना त्याच्यावर विसंबू नये; ज्या दुपारी ढग भरून येतात त्या दुपारी तर प्रत्येक संभाषणानंतर हाताने सेव्ह करावा.

शेवटाकडे जाताना एका गोष्टीची काळजी घ्या. मिस्ट बेटावर जाण्याआधी गेम स्पष्ट सूचना देतो की पुढे गेल्यावर काही दुय्यम कामे बाद होतील. ही सूचना गंभीरपणे घ्या, तिथे एक वेगळा सेव्ह ठेवा आणि केअर मोरहेन या विचरांच्या किल्ल्यावरच्या लढाईसाठी जुन्या सोबत्यांना गोळा करण्याची कामे त्याआधीच संपवा, कारण वेलेन, नोव्हिग्राड आणि स्केलिगेमध्ये तुम्ही ज्यांच्यासाठी काही केले आहे तीच माणसे तिथे उभी राहतात. यादीतली राक्षसांची कंत्राटे मात्र राहिली तरी चालतील. मुख्य कथा संपल्यावरही त्या जगात फिरता येते.

सिरीचे शेवटी काय होते, हे शेवटच्या लढाईतल्या तुमच्या कौशल्यावर ठरत नाही. त्याआधी मोजक्या प्रसंगांत तुम्ही तिच्याशी कसे वागलात, यावर ते ठरते, आणि ते प्रसंग असे साधे आहेत की त्या वेळी त्यांचे महत्त्व कळत नाही. ती खचलेली असताना तिला दारूचा पेला द्यायचा की बर्फाचे गोळे फेकून हसवायचे, अशा थराचे ते असतात. उत्तरे शोधून पाहू नका. तिचा बाप असतो तर काय केले असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुठे मध्ये पडलो नसतो, एवढा विचार करून निवडा. माझ्या मते या गेमने वडीलपणाविषयी जे दाखवले आहे ते त्याच्या सगळ्या राक्षसांपेक्षा मोलाचे आहे, आणि २०१५ सालच्या मे महिन्यात आलेला गेम आजही लोक उघडतात तो त्यासाठीच.

दोन विस्तारांचेही तुमच्या मनात असेल. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ साधारण ३२ व्या पातळीला आणि ‘ब्लड अँड वाइन’ ३४ व्या पातळीला सुचवलेले आहेत. पहिला मुख्य कथेच्या पाठोपाठ घ्यावा. तो आटोपशीर आहे आणि त्यातला आरशांचा व्यापारी, गॉन्टर ओ’डिम, मला मुख्य कथेतल्या वाइल्ड हंटच्या राजापेक्षा कितीतरी भयंकर वाटला. दुसऱ्यात टुसाँ नावाचा नवा प्रदेशच उघडतो, त्यामुळे मध्ये चांगली विश्रांती घेऊन मगच तो सुरू करावा, नाही तर नोव्हिग्राडला आला तोच कंटाळा तिथे येईल. तुमच्याकडे ‘गेम ऑफ द इयर’ किंवा ‘कम्प्लीट’ आवृत्ती असेल तर दोन्ही विस्तार त्यातच आहेत. मूळ आवृत्ती असेल तर ते वेगळे विकत घ्यावे लागतील, पण त्याची घाई मुख्य कथा संपेपर्यंत मुळीच नाही.