आधी पाऊस समजून घे

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा पीएचडीचा प्रस्ताव सावकाश वाचला. मुंबईत पाणी कुठे तुंबणार हे न्यूरल नेटवर्कने, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकी मॉडेलने, आधीच सांगायचं, ही कल्पना मनापासून आवडली. पण नेटवर्कच्या थरांवर तू पानंच्या पानं लिहिली आहेस आणि पावसावर जेमतेम एक परिच्छेद. हे उलटं हवं.

२६ जुलै २००५ घे. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५च्याही आत. सरासरी काढलीस तर ५००च्या वर येते. तेवढा पाऊस ना सांताक्रूझला पडला, ना कुलाब्याला. कोडमध्ये ही सरासरी एका ओळीत निघते. ती ओळ लिहिण्याआधी हवामानाच्या माणसांकडे जाऊन बस. पर्जन्यमापक कुठे आहेत, नोंद किती वाजता घेतात, सगळं विचार.

भरती तर तू धरलेलीच नाहीस! इथल्या पर्जन्यवाहिन्यांची तोंडं समुद्रात आणि खाडीत उघडतात, आणि मोठ्या भरतीला त्यांतली बरीच पाण्याखाली जातात. ओहोटीला जो पाऊस वाहून जातो, तोच भरतीला दादरच्या सखल हिंदमाताला गुडघाभर साचतो. भरतीच्या वेळा चंद्र-सूर्याच्या गणितावरून वर्षभर आधी निघतात. त्या मॉडेलला शिकवत बसू नकोस, थेट दे.

तासातासाच्या नोंदी पिसून त्यांतल्या काही चाचणीला ठेवणार, असं तू लिहिलंयस. मग एकाच सरीचा दोनचा तास शिकण्यात जाईल आणि तीनचा चाचणीत. अचूकता झकास दिसेल, पण खोटी. आख्खे पावसाळे बाजूला काढ. शिवाय ‘आज तुंबणार नाही’ असं रोज म्हणणारं मॉडेलही वर्षातले बहुतेक दिवस बरोबरच ठरतं. खरोखर तुंबलं त्यांपैकी किती वेळा आधी सांगितलं, ते मोज.

प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या मॉडेलसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, याचा दाखला तू दिलास. ते मॉडेल शिकलं ते १९७१पासून प्रोटीन डेटा बँकेत जमलेल्या रचनांवर. त्यांतल्या कित्येक कुणीतरी प्रथिनाचे स्फटिक वाढवून, त्यांवर क्ष-किरण सोडून, वर्षानुवर्षं खपून काढलेल्या आहेत. संगणकवाल्यांनी त्यांचं ऋण मानायलाच हवं.

स्थापत्य विभागातला, जलविज्ञान जाणणारा सहमार्गदर्शक आत्ताच शोध. त्यांचं बोलणं कळलं नाही तर तिथल्या तिथे विचार. जून उजाडायच्या आत नवा प्रस्ताव पाठव, पाऊस सुरू झाला की मोजायला सुरुवात करता येईल.

तुझा,
सर